बांधावरची चिंच: कलमापासून मोंढ्यापर्यंत

मराठवाड्यातल्या गावांमध्ये आज चिंचेची जी मोठी झाडं उभी आहेत, ती बहुतेक आज्या-पणज्यांच्या काळातली. कुणी लावली, केव्हा लावली, हे घरातल्या कुणाला सांगता येत नाही. दरवर्षी गुत्तेदार (झाडावरचा सगळा माल ठोक विकत घेणारा) येतो, झाडाखाली उभा राहून मान वर करतो, एक रक्कम सांगतो आणि आपण इसार घेऊन मोकळे होतो. झाड फुकटचं, म्हणून पैसेही फुकटचे वाटतात. माझं म्हणणं असं आहे की कोरडवाहू शेतकऱ्याच्या हातात चिंचेइतकं भरवशाचं दुसरं झाड नाही. पण त्यातून खरा पैसा हवा असेल तर तीन गोष्टी आपल्याच हातात ठेवायला हव्यात: झाड कलमाचं लावणं, आकडे (चिंचेच्या शेंगा) स्वतः उतरवणं आणि चिंच फोडून, रंग राखून विकणं. हा लेख त्या क्रमानंच लिहिला आहे.

भरवशाचं का म्हणतो तेही सांगतो. २०१२च्या दुष्काळात जालना आणि छत्रपती संभाजीनगर भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. एप्रिल २०१६मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. असल्या उन्हाळ्यांतही जुन्या चिंचा तगतात, कारण त्यांचं सोटमूळ खूप खोल गेलेलं असतं. झाड मूळचं आफ्रिकेतलं, पण आपल्याकडे शतकानुशतकं रुळलेलं. कमी पाऊस, कडक ऊन, चुनखडीची जमीन हे सगळं त्याला चालतं. मसाले मंडळाच्या ५२ मसाल्यांच्या यादीत चिंच आहे आणि दक्षिणेकडच्या राज्यांत तिच्याशिवाय रोजचा स्वयंपाक होत नाही. म्हणजे गिऱ्हाईक कायमचं आहे.

जागा कुठली निवडायची

भारी काळ्या रानात चिंच वाढते खरी, पण ते रान सोयाबीन-तुरीला राहू द्या. चिंचेसाठी बांध, नाल्याचा काठ, माळाचा तुकडा, शेततळ्याच्या भरावाची बाहेरची बाजू, वस्तीचा रस्ता अशा जागा शोधा. मुरमाड, हलकी, थोडी खारवट जमीनसुद्धा चालते. चालत नाही ती फक्त पाणथळ. पावसाळ्यात जिथं आठ-आठ दिवस पाणी तुंबतं तिथं कोवळं रोप मुळाशी कुजतं, मग तुम्ही कितीही जपा.

बांधावर लावताना सावलीचा विचार आधी करा. परभणी-हिंगोलीकडं ज्याला धुरा म्हणतात त्या बांधावरून भाऊबंदांत किती भांडणं होतात हे वेगळं सांगायला नको, त्यात चिंचेची भर कशाला? हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, त्यामुळं सावली उत्तरेला पडते. तुमच्या शेताच्या उत्तर बांधावर झाड लावलं तर रब्बीत सावली शेजाऱ्याच्या ज्वारी-हरभऱ्यावर जाईल. दक्षिण बांधावर लावलं तर तुमच्याच पिकावर येईल. म्हणून उत्तरेला रस्ता, नाला किंवा पडीक असेल ती बाजू सगळ्यात चांगली. तशी जागा नसेल तर बांधापासून आत सरकून लावा आणि शेजाऱ्याशी आधी बोलून घ्या. भरात आलेल्या चिंचेचा घेर मोठा असतो आणि गर्द सावलीत पीक धड येत नाही, हे धरूनच चला.

विजेच्या तारांखाली चिंच लावू नका. पुढं छाटणीला माणसं येतात आणि अर्धं झाड कापून जातात. शिवाय काढणीच्या वेळी लांब काठी तारेला लागली तर जिवावर बेततं.

सलग बाग करायची असेल तर दोन्ही बाजूंनी १० मीटर अंतर ठेवा. एकरी ४० झाडं बसतात. बांधावर एका ओळीत १० ते १२ मीटरवर एक. सुरुवातीला हे अंतर फार मोठं वाटतं आणि मधे एखादं झाड घालावंसं वाटतं. घालू नका. पंधराव्या वर्षी फांद्या एकमेकींत शिरल्या की आकडे फक्त शेंड्याला लागतात आणि उतरवायला माणूस मिळत नाही.

बी की कलम

चिंचोका टाकून उगवलेलं झाड फळाला यायला आठ-दहा वर्षं किंवा त्याहून जास्त घेतं. आणि एवढं थांबून ते आईसारखं निघेलच असं नाही. एकाच झाडाच्या चिंचोक्यांतून एक झाड जाड गराचं, दुसरं नुसत्या शिरांचं असं होऊ शकतं. कलमाचं झाड चौथ्या-पाचव्या वर्षी आकडे दाखवायला लागतं आणि ज्या झाडाची काडी घेतली त्याचेच गुण त्यात येतात. म्हणून कलमच लावा.

वाणांच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झालं. त्याच विद्यापीठाच्या छत्रपती संभाजीनगरातल्या हिमायतबाग फळ संशोधन केंद्रानं चिंचेवर काम केलं आहे. 'प्रतिष्ठान' हा तिथला वाण, आपल्याच हवामानात निवडलेला. तामिळनाडूच्या पेरियाकुलमचा 'पीकेएम-१' हाही नावाजलेला वाण आहे. पण मी आधी घरच्या वाणाची चौकशी करीन. कलमं घेताना सरकारी किंवा विद्यापीठाच्या रोपवाटिकेतून घ्या, किंवा कृषी खात्याची मान्यता असलेल्या खासगी रोपवाटिकेतून. पावती घ्या, तिच्यावर वाणाचं नाव लिहून घ्या. कलमाचा जोड तपासा: जोडाच्या वर आणि खाली खोडाची जाडी साधारण सारखी हवी, वरच्या काडीला दोन-तीन नव्या फुटी आलेल्या हव्यात आणि जोडाच्या खालून एकही फुटवा नको.

गावातलंच एखादं झाड नामी असतं. सगळ्यांना माहीत असतं की अमक्याच्या विहिरीवरच्या चिंचेला गर जास्त, रंग तांबूस, चिंचोके कमी. असं झाड वाया जाऊ देऊ नका. त्याची काडी घेऊन कलम बांधता येतं, आणि तेही थेट बांधावर. ही रीत मराठवाड्याला फार सोयीची आहे, म्हणून ती नीट सांगतो.

जागेवरच कलम बांधणं

पिशवीत वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या रोपाचं सोटमूळ तळाशी गुंडाळलं जातं. ते शेतात लावलं तरी मूळ सरळ खाली जायला वेळ लागतो, आणि आपल्याकडं झाड जगतं ते त्या मुळाच्या जोरावर. त्यापेक्षा खड्ड्यातच चिंचोका लावा किंवा दोन-तीन महिन्यांचं लहान रोप लावा आणि खुंट (ज्यावर कलम बांधायचं ते रोप) तिथंच वाढू द्या.

चिंचोके ताजे, याच हंगामातले, टपोरे निवडा. २४ तास पाण्यात भिजवा. पाण्यावर तरंगणारे टाकून द्या. मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर प्रत्येक खड्ड्यात तीन चिंचोके एक इंच खोल लावा. आठ-पंधरा दिवसांत उगवतात. दसऱ्यापर्यंत तिन्ही वाढू द्या, मग सगळ्यात जोमदार एक ठेवून बाकीचे कात्रीनं जमिनीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

पुढच्या वर्षी खुंट पेन्सिलीएवढा जाड झाला की कलम बांधायचं. रोपवाटिकेत सावली आणि पाणी असल्यानं उन्हाळ्यातही कलमं बांधतात. उघड्या रानात मात्र पहिला चांगला पाऊस पडून हवेत ओल आल्यावरचा काळ बरा. निवडलेल्या झाडावरची तीन-चार महिन्यांची, खुंटाच्याच जाडीची फांदी हेरा. काडी कापायच्या आठ-दहा दिवस आधी त्या फांदीची पानं देठ ठेवून खुडा, म्हणजे डोळे फुगतात. मग १०-१२ सेंटीमीटरची काडी कापा, ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी वापरा. खुंट जमिनीपासून वीतभर उंचीवर, कोवळं लाकूड जिथं आहे तिथं, आडवा छाटा. मधोमध तीन-चार सेंटीमीटरची चीर घ्या. काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासा आणि चिरेत बसवा. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर ती मधोमध ठेवू नका, एका बाजूची साल सालीला तंतोतंत भिडवा. साल भिडली नाही तर कलम लागत नाही, सगळं यश यातच आहे. वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळा आणि पेप्सीकोल्याची लांबोडकी पिशवी टोपीसारखी घालून खाली बांधा. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुटतात. फूट पिशवीला टेकायला लागली की संध्याकाळच्या वेळी पिशवी काढा. पट्टी दोन-तीन महिन्यांनी जोड पक्का झाल्यावर सोडा. ती विसरली तर खोडात रुतते आणि वाऱ्यात झाड तिथंच मोडतं.

चाकू धारदार हवा आणि स्वच्छ हवा. गावात मोसंबीचे, आंब्याचे कलम बांधणारे कुशल लोक असतात. पहिल्या वर्षी त्यांना मजुरी देऊन बोलवा आणि शेजारी बसून हात बघा. दहापैकी तीन-चार कलमं गेली तरी खुंट जिवंत असतो, त्याला नवी फूट येऊ द्यायची आणि पुन्हा बांधायचं. पिशवीतलं कलम मेलं तर मात्र खड्डाच रिकामा राहतो.

खड्डा आणि लावणी

खड्डा एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या. १ मीटर लांब, रुंद, खोल ही शिफारस आहे आणि माळरानावर ती पाळाच, कारण खाली मुरूम फोडलेला असला की मूळ लवकर उतरतं. भरताना तळाला वाळला पालापाचोळा, मग वरच्या थरातली चांगली माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, एक किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि वाळवी असेल तिथं किलोभर निंबोळी पेंड. न कुजलेलं शेण टाकलं तर तेच वाळवीला आमंत्रण ठरतं. खड्डा जमिनीपेक्षा चार बोटं उंच भरा, पावसात माती बसते.

पिशवीतलं कलम लावायचं असेल तर जून-जुलै, जमिनीत वीतभर ओल गेल्यावर. पिशवी ब्लेडनं चिरून काढा, मातीची हुंडी फुटू देऊ नका, जोड जमिनीच्या वर राहील असं लावा आणि लगेच काठीचा आधार द्या.

खर्चासाठी भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेत चिंच आहे. अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्यानं येतं आणि पुढचे हप्ते झाडं किती जगली यावर ठरतात. म्हणून मेलेल्या जागी नांगे त्याच पावसाळ्यात भरा. अर्ज महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर होतो आणि पूर्वसंमती मिळाल्याशिवाय लावणी करायची नसते. कृषी सहायकाला आधी भेटा. झाडं लावल्यावर तलाठ्याकडून सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. जमीन रस्त्यात, कालव्यात किंवा तलावात गेली तर मोबदल्याच्या वेळी ही नोंद कामी येते.

पहिली पाच वर्षं

चिंचेचा सगळ्यात मोठा शत्रू शेळी. कोवळा पाला तिला इतका आवडतो की एका दुपारीत वर्षाची मेहनत जाते. बाभळीच्या किंवा बोरीच्या काट्यांची कुपाटी प्रत्येक रोपाभोवती करा आणि दर दिवाळीला नवी करा. झाड पुरुषभर उंच होईपर्यंत हे काम सोडायचं नाही.

पाणी लागतं ते पहिल्या दोन उन्हाळ्यांत. आठवड्याला एक-दीड बादली पुरते. रोपाशेजारी तळाला बारीक भोक पाडून त्यात वात घातलेलं जुनं मडकं पुरलं आणि त्याचं तोंड झाकलं तर तेच पाणी जास्त दिवस जातं. आळ्यात सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट चार बोटं जाड पसरा, पण खोडाला चिकटू देऊ नका. तिसऱ्या उन्हाळ्यापासून झाड आपलं आपण बघतं. मात्र सलग बागेत ठिबक असेल तर चालू ठेवा, वाढ झपाट्यानं होते.

जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा खुडत राहा. तो खुंटाचा असतो आणि कलमाला दाबून टाकतो. कलम लावून मग लक्ष न देणाऱ्यांच्या बांधावर शेवटी रायवळ (बियांपासून आलेली) चिंचच उभी राहते, ती यामुळंच. पहिल्या वर्षानंतर खोड मीटरभर उंचीपर्यंत मोकळं ठेवा आणि वर चारी दिशांना जाणाऱ्या चार-पाच फांद्या राखा.

सलग बागेत पाच-सहा वर्षं मधल्या पट्ट्यात मूग, उडीद, सोयाबीन, भुईमूग घेता येतात. ऊस किंवा उंच तूर रोपाला चिकटून घेऊ नका. दर पावसाळ्याच्या तोंडाला पहिल्या वर्षी एक घमेलं शेणखत, पुढं दरवर्षी थोडं वाढवत न्या. खत खोडाशी न टाकता फांद्यांच्या घेराखाली चर काढून टाका, खाणारी मुळं तिथं असतात.

फुलोरा आणि कीड

जून-जुलैत पिवळसर, लालसर रेघांची फुलं येतात. मधमाश्या त्यावर तुटून पडतात आणि फळधारणा त्यांच्यामुळंच चांगली होते, तेव्हा त्या दिवसांत शेजारच्या पिकावर कीटकनाशक मारताना सकाळची वेळ टाळा. फुलापासून पिकलेल्या आकड्यापर्यंत आठ-नऊ महिने लागतात. एक वर्ष झाड लदलदून येतं, दुसऱ्या वर्षी कमी, हा चिंचेचा स्वभावच आहे. त्याला औषध शोधत बसू नका.

फवारणी करावी लागेल अशी कीड मोठ्या झाडावर क्वचित येते. त्रास देतात ते आकडा पोखरणारी अळी आणि चिंचोक्याचा भुंगा. भुंगा झाडावरच आकड्याच्या टरफलावर अंडी घालतो, तीच कीड पोत्यातून घरात येते आणि साठवलेल्या चिंचेत फिरते. उपाय साधा आहे, पण चुकवायचा नाही: झाडाखाली पडलेले जुने, किडके आकडे वेचून जाळा, पिकलेले आकडे झाडावर मे महिन्यापर्यंत लोंबकळत ठेवू नका आणि उतरवलेली चिंच कडक उन्हात वाळवा.

आकडे उतरवणं

संक्रांतीच्या सुमाराला आकडे गाभुळतात. टरफल गरापासून सुटतं, गर हिरवट-तपकिरी असतो, चव आंबटगोड. खायला ती चिंच छान, पण साठवणीला नाही, ओलाव्यामुळं तिला बुरशी येते. पूर्ण पिकलेला आकडा ओळखायचा असा: टरफल भुरकट होऊन बोटांनी दाबताच मोडतं, गर आकसून सुटा झाल्यानं आकडा हलवला की आत खुळखुळतो. फेब्रुवारी-मार्च हा त्याचा काळ. झाडावरचे बहुतेक आकडे खुळखुळायला लागले की काढणी घ्या. फार थांबलात तर वळवाचा पाऊस गाठतो आणि भिजलेल्या आकड्याचा गर काळा पडतो.

झोडपून उतरवायची रीत सोडा. काठीच्या माराने आकड्यांबरोबर कोवळे शेंडे तुटतात, आणि पुढचा फुलोरा नव्या फुटीवरच येणार असतो. खाली ताडपत्री अंथरा, जाड फांदीवर उभं राहून बारीक फांद्या हलवा, उरलेले आकडे बांबूला आकडी लावून ओढा. चढणाऱ्या माणसाच्या कमरेला दोर हवा आणि तो वरच्या जाड फांदीला बांधलेला हवा. चिंचेचं लाकूड चिवट असलं तरी वाळकी फांदी दगा देते. दरवर्षी काढणीत माणसं पडून जायबंदी होतात, कंबर मोडून घरी बसतात. दोराचा खर्च त्यापुढं काहीच नाही. एकट्या माणसाला झाडावर पाठवू नका, आणि वर आग्या मोहोळ आहे का ते आदल्या दिवशीच बघून ठेवा.

वाळवणं, फोडणं आणि बायकांचे हात

उतरवलेले आकडे ताडपत्रीवर पातळ पसरून तीन-चार दिवस उन्हात वाळवा, संध्याकाळी गोळा करून झाका. मातीवर वाळवू नका. गराला चिकटलेली माती निघत नाही आणि मोंढ्यात (शेतमालाच्या बाजारात) भाव त्यावरच पडतो.

आकड्याचं वजन साधारण असं विभागलेलं असतं: चांगल्या वाणात निम्म्याहून थोडा जास्त गर, एक तृतीयांश चिंचोके, उरलेलं टरफल आणि शिरा. आपल्या रायवळ झाडांना गर याहून कमी पडतो. फोडायचं काम तीन टप्प्यांत होतं. लाकडी मोगरीनं हलकं ठोकून टरफल काढायचं, देठापासून धरून शिरा ओढून काढायच्या, मग गर चिरून किंवा ठोकून चिंचोके वेगळे करायचे. शिरा गर थोडा नरम असताना एका झटक्यात निघतात, म्हणून हे काम सकाळी लवकर करा. दुपारी कडक झालेल्या गरातून त्या तुटतात.

हे काम गावोगावी बायका करतात आणि किलोवर मजुरी मिळते. त्याबद्दल एक गोष्ट मला आग्रहानं सांगायची आहे. चिंचेच्या गरात टार्टारिक आम्ल भरपूर असतं, वजनाच्या ८ ते १८ टक्के. दिवसभर त्यात हात राहिले की बोटांची साल जाते, नखांच्या कडा चिरतात, आणि मोगरीचा मार चुकून बोटावर बसला तर त्या जखमेत आम्ल जातं. काम सुरू करण्याआधी हाताला करडईचं किंवा खोबऱ्याचं तेल चोळायला द्या, पातळ रबरी हातमोजे आणून ठेवा, हात धुवायला पाणी जवळ असू द्या, बसायला सावली आणि पाठीला टेका द्या. हे उपकार नाहीत, मजुरीचाच भाग आहे. आणि स्वच्छ हातानं, न घाईनं फोडलेली चिंच मोंढ्यात उठून दिसते.

फोडावी की अखंड विकावी, हा हिशोब दरवर्षी मांडा. रीत कळावी म्हणून समजा, अखंड चिंच ३,००० रुपये क्विंटल आहे, फोडलेली ९,००० आणि चिंचोके १,५००. एका क्विंटलातून ४५ किलो गर म्हणजे ४,०५० रुपये, ३३ किलो चिंचोके म्हणजे ४९५. एकूण ४,५४५. गरामागं किलोला १२ रुपये मजुरी धरली तर ५४० गेले, राहिले ४,००५. म्हणजे क्विंटलमागं हजार रुपये जास्त. त्या आठवड्याचे खरे भाव घालून हेच गणित करा. फरक दोन-तीनशेवर आला तर अखंड विकून मोकळं व्हा.

गुत्तं, मोंढा आणि शीतगृह

आकडे हिरवे असतानाच झाड गुत्त्यानं देऊ नका. त्या वेळी गुत्तेदाराला झाड वाचता येतं आणि आपल्याला येत नाही, त्यामुळं सौदा त्याच्याच बाजूला झुकतो. अगदी द्यायचंच असेल, घरात चढणारं कुणी नसेल, तर किमान अंदाज स्वतः काढा: मध्यम फांदी निवडा, तिच्यावरचे आकडे उतरवून तोला, अशा किती फांद्या आहेत ते मोजा. भरात आलेलं मोठं झाड चांगल्या वर्षी दीड-दोन क्विंटल आकडे देतं. व्यवहार कागदावर करा. उतरवायची शेवटची तारीख, फांद्या तोडायच्या नाहीत ही अट, झोडपायचं नाही ही अट आणि झाडावरून कुणी पडलं तर जबाबदारी कुणाची, हे चारही लिहून घ्या.

लातूरचा मोंढा आणि शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली बार्शी, चिंचेसाठी हे दोन बाजार डोळ्यासमोर ठेवा. आवक फेब्रुवारी ते एप्रिल जोरात असते, आणि माल दक्षिणेकडं जातो. आडत्याकडं नेण्याआधी माल वेगवेगळा करा: तांबूस-सोनेरी गर एका पोत्यात, काळपट दुसऱ्यात. मिसळलेल्या पोत्याला काळ्याचा भाव मिळतो. पट्टी (विक्रीची पावती) घ्या, तिच्यावर वजन, हमाली, तोलाई तपासा.

रंग हाच भाव आहे, आणि रंग जातो तो उष्णतेनं आणि ओलाव्यानं. गरातली साखर आणि आम्लं घरातल्या साध्या तापमानाला महिनोन् महिने काळपट होत जातात. ४-५ अंश सेल्सिअसच्या शीतगृहात मात्र फोडलेली चिंच वर्षभर रंग धरते. व्यापारी हेच करतात: मार्चमध्ये घेतात, पावसाळ्यानंतर काढतात. एकट्या शेतकऱ्याच्या दोन-चार पोत्यांसाठी ते परवडत नाही. गावातल्या दहा-पंधरा जणांनी किंवा बचत गटानं मिळून एक गाडी भरली तर भाडं विभागलं जातं.

घरची बरणी

घरासाठी जुन्या बायका करतात तीच रीत उत्तम. फोडलेली, शिरा काढलेली चिंच आणखी एक दिवस उन्हात ठेवा, गार होऊ द्या. दहा किलोला साधारण एक किलो जाडं मीठ घेऊन थरावर थर द्या, मुठीनं दाबा आणि चिनी मातीच्या बरणीत हवा राहणार नाही असं ठासून भरा. वरून मिठाचा थर, मग फडकं बांधून झाकण. पावसाळ्यात बरणी उघडताना हात आणि पळी कोरडी हवी. येळवशीच्या (वेळा अमावास्येच्या) भज्जीला आणि रोजच्या वरणा-आमटीला वर्षभर हीच पुरते. आमटीत घालताना हे मीठ मोजायला विसरू नका. पितळेच्या बिनकल्हईच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात कोळ ठेवू नका, आम्ल धातूला खातं.

झाड तोडण्याआधी

झाडाची फांदी छाटणं वेगळं आणि झाड तोडणं वेगळं. महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम, १९६४च्या अनुसूचीत चिंच आहे. स्वतःच्या शेतातलं झाडही विनापरवानगी तोडता येत नाही. लाकडासाठी झाड मागायला येणारे लोक हे सांगत नाहीत, आणि कारवाई जमीन मालकावरही होऊ शकते.

चिंचोके

चिंचोके टरफलाबरोबर उकिरड्यावर टाकू नका. साल काढून दळलेल्या चिंचोक्याच्या पिठात चिकट पॉलिसॅकराइड असतं, ते कापड आणि ताग गिरण्यांमध्ये खळीसाठी जातं. आपल्याकडचे धनगर घोंगडीला चिंचोक्याचीच खळ देत आले आहेत. विकायचे तर ते धुऊन, गर सुटेपर्यंत चोळून, कडक वाळवून पोत्यात भरा. गर चिकटलेले चिंचोके ओल धरतात आणि त्यांना भुंगा आधी लागतो.

त्यातले पेरणीसाठी हवे तेवढे वेगळे काढा: गावातल्या जोमदार, जुन्या, निरोगी झाडाचे, भोक नसलेले. राखेत घोळून कापडी पिशवीत, हवेशीर जागी टांगून ठेवा. मृगापर्यंत तीन महिनेच काढायचे असतात, तेवढ्यात उगवणशक्ती जात नाही.